शशीकाकूंच्या फाटकावरचे पट्टे

शशीकाकूंकडे कुणी गाडीनं आलं की त्या आधी पाणी विचारत नसत. फाटकातच थांबवून म्हणत, "बॉनेट उघड." पुण्याहून जावई आले तरी तेच आणि गणपतीचं आमंत्रण द्यायला मंडळातले आले तरी तेच. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन, मोबाइलचा टॉर्च लावून त्या आत डोकं घालत. इंजिनाच्या कडेला जो काळा रबरी पट्टा फिरत असतो, मिस्त्री लोक ज्याला फॅन बेल्ट म्हणतात आणि जो तुटला की इंजिन तापतं, तो बोटांनी पिळून त्याची आतली बाजू बघत, अंगठ्यानं दाबून बघत आणि निकाल देत. पट्टा चांगला असेल तर, "ठीक आहे, या आत, चहा टाकते." नसेल तर हात पुढे करून, "किल्ली दे इकडे."

दर्पण कॉलनीत आमची घरं समोरासमोर. मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा काकू पन्नाशीच्या होत्या आणि टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होत्या. ठेंगण्या, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता किंचित मान वळवून कान पुढे करायची सवय. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकलेले. त्या म्हणायच्या, "चेहऱ्याचं मला काही समजत नाही. पण आवाजात खोट असली ना, तर लगेच पता चालतं." त्यांचं मराठी आमच्या इथलंच, निम्मं हिंदीला टेकलेलं. मला विदर्भातून आल्यावर सुरुवातीला हसू यायचं, पुढे मीही तसंच बोलायला लागले.

त्यांचे यजमान वसंतकाका शाळेत गणित शिकवत. काटकसरी माणूस. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांना गणितं घालत, चपलेचा अंगठा तीनतीनदा शिवून घेत. पण एका बाबतीत काकांचा हात कधी आखडला नाही, ती म्हणजे त्यांची छोटी पांढरी गाडी. काकांची नजर अधू झाल्यापासून ती काकूच चालवत. काका शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत आणि जरा काही वेगळं वाटलं की म्हणत, "शशी, दिलीपला दाखवू या."

हा दिलीप म्हणजे काकांच्या जुन्या, दाना ओलीतल्या घराच्या शेजारचा मुलगा. गणितात नापास होऊन बसला होता, त्याला काकांनी समोर बसवून शिकवलं, पास केलं, पुढे आयटीआयला घातलं. त्यानं आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गॅरेज काढलं तेव्हा काका घरोघर जाऊन सांगून आले होते, "आपला मुलगा आहे. गाडी त्याच्याकडेच द्या." काकांच्या शब्दाला मान होता. सगळ्यांनी दिल्या. दिलीप गोड बोलायचा, शर्ट कायम इस्त्रीचा, गाडी परत देताना धुऊन पुसून, आत सुगंधी पुडी टांगून द्यायचा. आम्हालाही तो आवडायचा.

एका वर्षी मार्च महिन्यात काकांना गाडीतून चिं चिं आवाज ऐकू यायला लागला. गाडी दिलीपकडे गेली. संध्याकाळी तो ती घेऊन आला तेव्हा मी विरजण मागायला काकूंच्या ओट्यावर उभी होते. किल्ली काकांच्या हातात देत तो म्हणाला, "काका, नवा पट्टा टाकलाय. आता पाच वर्षं तिकडे बघायचं काम नाही." काकूंनी त्याला चिवडा दिला. तो खाऊन, दोघांच्या पाया पडून गेला.

मे महिन्यात काका-काकू दतियाला देवदर्शनाला गेले. परत येताना डबऱ्याच्या अलीकडे, भर दुपारी, रस्त्यात गाडी बंद पडली. काकांच्या छातीत आधीच दुखायला लागलं होतं. शेवटी एका ट्रकवाल्यानं दोघांना उचलून ग्वाल्हेरला आणलं. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी काकांचा हात धरला आणि परत खाली ठेवला. आम्हाला एवढंच माहीत होतं. काकू त्या प्रवासाबद्दल काही बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

तेराव्याच्या जेवणाला गच्चीवर मांडव घातला होता. कॉलनीतले, शाळेतले, दाना ओलीतले, सगळे आले होते. दिलीप पंगतीत वाढत होता, डोळे पुसत होता. कुणीतरी हळहळून म्हणालं, "ऐन वेळी गाडीनं दगा दिला." त्यावर दिलीप हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाला, "पट्टा तुटला ना. मी काकांना तेव्हाच म्हटलं होतं, पट्टा बदलून घ्या. ते म्हणाले, चालतंय तोवर चालू दे. काकांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

लोकांनी माना हलवल्या. काकांच्या शिवलेल्या चपला सगळ्यांनी पाहिल्या होत्या. एकजण तर मायेनं हसलासुद्धा. ही गोष्ट लोकांना पटली, हेच सगळ्यात वाईट होतं.

काकू जिन्याच्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून कान पुढे केला होता. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. लोक गेल्यावर मी भांडी आवरत होते, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"नीता, तो गाडी घेऊन आला त्या दिवशी तू इथंच होतीस ना?"

"हो काकू. मी ऐकलंय. नवा टाकला म्हणाला होता."

"मग ऐकणाऱ्या आपण दोघीच आहोत."

"सगळ्यांना सांगू या ना."

"कोण मानेल? म्हणतील, नवरा गेलाय, डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं." मग म्हणाल्या, "माणूस गेला, ते मी सहन करून घेईन. दुसरा रस्ताच नाही. पण कंजूषीनं मेले म्हणतो त्यांना? त्यांनीच उभा केलेला पोरगा? हे मी सोडणार नाही, नीता. बिल्कुल सोडणार नाही."

गाडी हजीऱ्याकडच्या एका अनोळखी गॅरेजवाल्यानं ओढून नेली होती; पट्टा तुटल्याचं त्याच्याकडूनच सगळ्यांना कळलं होतं. काकूंनी त्याच्याकडून तुटलेला पट्टा मागून आणला आणि काकांच्या टेबलावर ठेवला. मला बोलावून दाखवला. आतल्या बाजूला ज्या लांब खाचा असतात त्यांच्यावर आडव्या भेगाच भेगा, कडा झिजून दोरे निघालेले, आणि वरून कसल्यातरी फवाऱ्याचा चिकट थर. तो फवारा मारला की पट्ट्याचा आवाज काही दिवस बंद होतो, हे गॅरेजवाल्यानं काकूंना सांगितलं होतं. म्हणजे दिलीपनं आवाज तेवढा बंद केला होता.

इंजिन तापून बिघडलं होतं ते दुरुस्त झालं, पण काकूंनी गॅरेजवाल्याला बजावून ठेवलं होतं की पट्टा बसवायचा नाही. तो ट्रॉलीवर चढवून गाडी घरी सोडून गेला. मग त्या लष्कर भागातल्या पार्ट्सच्या दुकानात गेल्या, मला सोबत घेऊन. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं आणि म्हणाला, "अम्मा, मिस्त्री को भेज दो, वो ले जाएगा।"

काकू म्हणाल्या, "मिस्त्री ही खड़ी है सामने। पट्टा दिखाओ।"

त्यांनी नवा पट्टा काउंटरवर उलटा करून बघितला, कडेनं बोट फिरवलं, जुन्याच्या शेजारी धरून लांबी जुळवली. मग पान्यांचा एक संच घेतला. घरी येऊन साडीवर काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला, हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. "हात आत असताना कुणी गाडी चालू केली तर बोटं जातील," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याजवळच पाहिजे."

फोनवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी सगळं पाठ केलं होतं. आधी बॅटरीची काळी तार काढली. पट्टा कोणत्या चाकावरून कसा जातो त्याचं चित्र बॉनेटच्या आत चिकटवलेलं होतं, त्याचा फोटो काढून मला धरायला दिला. मग पट्टा ताणून धरणाऱ्या अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायला पाना लावला. बोल्ट हलेना. त्यांनी पान्यावर एक पाइप चढवला आणि अख्खं वजन टाकलं. बोल्ट करकरला, पाना निसटला, हाताचं सालपट निघालं. त्यांनी शर्टाला रक्त पुसलं आणि पुन्हा पाना लावला.

पहिल्यांदा पट्टा सैल बसला आणि गाडी चालू करताच किंचाळला. दुसऱ्यांदा इतका ताणला गेला की आतून हुंदक्यासारखा आवाज यायला लागला. काकू मान वळवून ऐकत होत्या. "असं नाही," म्हणायच्या आणि पुन्हा किल्ली काढून खिशात टाकायच्या. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा थोडासाच आत गेला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही, हे त्या बोटाला शिकवत होत्या. ऊन डोक्यावर आलं, गरम लू सुटली. मी म्हटलं, उद्या करू. त्या म्हणाल्या, "तू जा. मला आज हे यायलाच पाहिजे." शेवटी इंजिन चालू झालं आणि त्याच्या घरघरीखेरीज काही ऐकू आलं नाही. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बॉनेट लावून माझ्याकडे वळल्या.

"आता तुमची गाडी आण."

आमच्या गाडीचा पट्टा दिलीपनं दिवाळीच्या आधी बदलला होता. म्हणजे बदलला असं सांगितलं होतं. काकूंनी तो पिळून आतली बाजू माझ्या नवऱ्याला, अजयला दाखवली. तशाच आडव्या भेगा, तसाच चिकट थर. अजय लाल झाला आणि तडक गॅरेजवर जायला निघाला. काकूंनी त्याला अडवलं.

"भांडायचं नाही. भांडलास की तो माफी मागेल, नवा टाकून देईल, अन् गोष्ट संपून जाईल. मला संपवायची नाहीये."

त्यांनी आमचा जुना पट्टा काढला, नवा बसवला आणि जुना नेऊन स्वतःच्या लोखंडी फाटकाच्या एका भाल्यावर अडकवला. दिलीप रोज सकाळी त्याच रस्त्यानं गॅरेजला जायचा.

त्यानंतर दर रविवारी काकूंच्या दारात गाड्या लागायला लागल्या. त्या कुणाच्या घरी जाऊन काही सांगत नसत. समोरून जाणाऱ्याला एवढंच विचारत, "दिलीपनं पट्टा बदलला म्हणाला होता ना? बघायचा आहे?" माणूस थांबायचाच. पट्टा बाहेर निघाला की त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. खोटं कशाला सांगू, मला ते बघायला आवडायचं. तेराव्याच्या पंगतीत मान हलवणारे कोण कोण होते ते मला आठवत होतं, आणि तेच लोक आता स्वतःच्या गाडीतली भेगाळलेली रबराची पट्टी हातात धरून उभे असायचे. काकू त्यांना काही ऐकवत नसत. फक्त म्हणायच्या, "हे घ्या, आता यांची कंजूषी तुमच्या गाडीत कुठून आली ते बघा."

एकदा कॉलनीतल्या डॉक्टरांची गाडी आली. काकूंनी पट्टा उलटसुलट करून बघितला. खाचा कोऱ्या, आतल्या बाजूची छपाईसुद्धा पुसली गेली नव्हती. "हा नवा आहे," त्या म्हणाल्या. "खरंच बदललाय त्यानं." डॉक्टर हसून म्हणाले, मला घाबरत असेल तो. मी हळूच म्हटलं, काकू, एखादा जुना असाच लावून टाका फाटकावर, कोण बघतंय. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "एक जरी खोटा टांगला ना, तर बाकीचे सगळे खोटे होऊन जातील," त्या म्हणाल्या. "मला त्याला मारायचं आहे, पण खऱ्यानंच."

दिलीप आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. फाटकाला हात न लावता बाहेरच उभा राहिला. मी ओट्यावर शेंगा सोलत होते.

"काकू, हा काय तमाशा लावलाय?"

"पट्टे वाळत घातलेत."

"माझं नाव खराब होतंय."

"तुझं आहे तेच दिसून राहिलंय सगळ्यांना."

"मी तुमची गाडी आयुष्यभर बघतो ना काकू. मला आपला मुलगा समजा."

"तुला मुलगाच समजत होते ते. रस्त्यात सोडून दिलंस ना त्यांना."

तो आवाज चढवून म्हणाला, की तो पोलिसात जाईल, बदनामी केल्याबद्दल. काकू म्हणाल्या, "जा. त्यांना म्हणावं गाडी घेऊन या. त्यांचा पण पट्टा बघून देते."

"काय पाहिजे तुम्हाला?"

काकू उठून फाटकापाशी गेल्या. "जिथे बोललास तिथे बोल. गच्चीवर. त्याच लोकांसमोर. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, तू टाकला नाहीस, असं. बस. तेवढं बोल, मी सगळे उतरवून ठेवते."

"असं थोडीच झालं होतं," तो पुटपुटला.

काकूंनी कान पुढे केला होता. "ऐकलंस नीता?" त्या त्याच्या डोक्यावरून मला म्हणाल्या. "आवाज ऐक."

पुढच्या वर्षभरात गॅरेज हळूहळू रिकामं झालं. काकांनी एकेक घर जाऊन त्याला मिळवून दिलं होतं, काकूंनी एकेक करून परत घेतलं. दिलीपनं पाटी रंगवली, सुगंधी पुड्या दुप्पट केल्या, काही उपयोग झाला नाही. गाड्या गॅरेजसमोरून पुढे जायच्या आणि चालवणारे मान वळवून बघायचेही नाहीत. काकूंना विचारलं की त्या समाधानानं म्हणायच्या, "आज एकच गाडी उभी होती. ती पण त्याचीच."

एका दुपारी दिलीपची बायको मंजिरी आली. मी काकूंकडेच होते. काकूंनी तिला आत बसवलं, सरबत दिलं, तिच्या आईची चौकशी केली. मंजिरीनं ग्लास हातात तसाच धरला होता.

"काकू, आता पुरे करा ना. हे घरात कुणाशी बोलत नाहीत. जेवत नाहीत. रात्र रात्र जागे असतात."

"मग बरं चाललंय," काकू म्हणाल्या.

मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "तुझ्याशी माझं वैर नाही, बेटा. तुझ्या घरी काही कमी पडलं तर मला सांग, मी करीन. पण तुझ्यासाठी त्याला सोडणार नाही. ते मागू नकोस."

ती गेल्यावर मला काही राहवलं नाही. पाठीवरून फिरणारा तो हात आणि ते बोलणं, दोन्ही एकदम बघवत नव्हतं. मी म्हटलं, "काकू, तिचा काय दोष? आता खरंच पुरे नाही का झालं?"

काकू सरबताचे ग्लास विसळत होत्या. नळ बंद करून तिथेच उभ्या राहिल्या आणि त्या प्रवासाबद्दल पहिल्यांदा बोलल्या.

"डबऱ्याच्या आधीच यांना घाम सुटला. मी म्हटलं थांबू? म्हणाले, नको, घरीच चल. मी गाडी दामटली. मग एकदम फट्‌ करून आवाज झाला अन् एसीतून गरम हवा यायला लागली. समोर लाल दिवा लागला. तापमानाचा काटा वर वर जायला लागला. मला समजत होतं की थांबायला पाहिजे, पण थांबून करू काय? मी चालवतच राहिले. बॉनेटमधून धूर निघायला लागला. हे डोळे मिटून होते, तरी म्हणाले, शशी, गाडी बंद कर, इंजिन जाईल. इंजिनची काळजी त्यांना. मग गाडी आपोआपच बंद पडली. मी रस्त्यात उभी राहून पदर हलवत होते, नीता. गाड्या हॉर्न मारून बाजूनं निघून जात होत्या. परत येऊन बघितलं तर यांनी डोळे उघडले होते. मला म्हणाले, पट्टा नसेल तुटला. पट्टा तर दिलीपनं नवा टाकलाय ना?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मी म्हटलं, हो. नवा टाकलाय. मग ते पुढे काही बोलले नाहीत."

ग्लास फडक्यानं पुसून त्यांनी मांडणीवर उपडे घातले. "आता सांग, पुरे झालं का?"

त्या दिवसानंतर मी त्यांना ते पुन्हा विचारलं नाही. पुढच्या रविवारी कुणाच्यातरी गाडीवर वाकलेल्या त्यांच्या डोक्याशी मी मुकाट्यानं टॉर्च धरून उभी राहिले, आणि फाटकावर आणखी एक पट्टा चढला तेव्हा मला बरंच वाटलं.

काकांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला काकूंनी मुद्दाम तेराव्याला आलेल्या सगळ्यांना बोलावलं. गच्चीवर तसाच मांडव घातला. दिलीपला निरोप नव्हता, पण तो आला. त्यानं गॅरेज आवरलं होतं, भोपाळला कुठल्याशा वर्कशॉपमध्ये नोकरी धरली होती, आणि आठवड्याभरात निघणार होता. वाळला होता. इस्त्रीचा शर्ट अंगावर लोंबत होता. पानं वाढून झाली होती, कुणी घास घेतला नव्हता. तो मांडवाच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"मला एक सांगायचं आहे," तो म्हणाला. खाली बघून बोलायला लागला. "काकांनी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, दिलीप, चांगल्यातला चांगला टाक. त्या दिवशी दुकानात त्यांच्या गाडीचा पट्टा नव्हता. त्यांना गाडी संध्याकाळी पाहिजे होती. मी जुन्यावर फवारा मारला आणि टाकला म्हणून सांगितलं. वाटलं, पुढच्या आठवड्यात बोलावून टाकू. मग राहून गेलं. आधी पण असं करायचो मी, कुणाला कधी कळलं नाही. तेराव्याला मी जे बोललो ते खोटं होतं. काकांनी कंजूषी केली नव्हती."

मी काकूंकडे बघितलं. त्यांची मान वळलेली होती आणि डोळे मिटलेले होते. त्या त्याचा आवाज ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "खरं बोलला." आणि वाढणाऱ्या मुलीला हाक मारून सांगितलं, "याचं पान मांड."

दिलीपच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. तो पुढे आला आणि त्यांच्या पायांशी वाकला. काकूंनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले.

"पाया नको पडू. जेवून जा म्हटलं, माफ नाही केलं."

तो वाकलेला तसाच क्षणभर राहिला. मग उठून, सगळ्यांच्या पंगतीत जाऊन बसला आणि खाली मान घालून जेवला. काकूंनी त्याच्या पानात स्वतः खीर वाढली. मागितली नव्हती तरी दुसऱ्यांदा वाढली. त्यानं ती संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरचं फाटक मोकळं होतं. काकूंनी पट्टे उतरवून भंगारवाल्याला देऊन टाकले होते.

मला वाटलं होतं, आता त्या रिकाम्या होतील, खचतील. तसं काही झालं नाही. त्या चार घास जास्त खायला लागल्या. काकांच्या चपलांचे, कॅलेंडरवरच्या गणितांचे किस्से मोकळेपणानं सांगायला लागल्या. लोकही आता हसायचे आणि ते हसणं काकूंना लागत नसे. रविवारी गाड्या यायच्या त्या येतच राहिल्या. कुणी विचारलं, की आता कशाला, तर म्हणायच्या, "आता येतं तर करते."

गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. पुण्याहून लेक येऊन राहिली होती. मी रोज संध्याकाळी तिळाची गजक घेऊन जायचे, त्यातला एक तुकडा त्या तोंडात विरघळवत पडून असायच्या. अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, "काकू, दिलीपचा राग गेला का हो आता?"

"राग तर त्या दिवशीच गेला," त्या म्हणाल्या. श्वास घ्यायला थांबल्या. "राग गेला म्हणजे माफ केलं, असं नसतं. लोकांना वाटतं तसं. ज्यांना माफ करायचा हक्क होता ते रस्त्यातच गेले. मी कोण त्यांच्या वतीनं सही करणार?"

त्या आठवड्यातच त्या गेल्या.

महिन्याभरानं भोपाळहून मंजिरीचा फोन आला. उशिरा कळलं म्हणाली, रडली. मग चाचरत म्हणाली, "नीताताई, एक विचारू? शेवटी काकू यांच्याबद्दल काही बोलल्या का? म्हणजे, माफ केलं होतं ना त्यांनी? हे सारखं तेच विचारत असतात."

तिच्या मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. फोन बहुधा स्पीकरवर होता, दिलीप जवळच बसला असणार. हो म्हणणं किती सोपं होतं. काकू आता येऊन मला काही विचारणार नव्हत्या. एवढ्याशा शब्दानं दोन माणसांना आज रात्री झोप लागली असती.

"नाही," मी म्हटलं. "नाही केलं."

पलीकडून दिलीपचा आवाज आला.

"बरोबर आहे, वहिनी," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.